एका आकड्यात न मावणारी वस्तू : सुपरकपॅसिटरच्या प्रतिमानाची गोष्ट

आजचा विषय विजेचा आहे आणि आम्ही मंडळी तत्त्वज्ञानाची. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, की आज आपण सर्किट जोडायला शिकणार नाही. एका वस्तूचं नीट वर्णन करायला माणसाला इतका काळ का लागला, आणि ते वर्णन करताना 'गुणधर्म' या शब्दाविषयीच्या आपल्या कल्पना कशा बदलल्या, हा इतिहास आज पाहू. विज्ञानाच्या इतिहासात तत्त्वज्ञानाचे प्रश्न फार वेळा प्रयोगशाळेच्या मागच्या दारानं येतात. हा त्यातलाच एक.

वस्तू कोणती? सुपरकपॅसिटर. साधारण अर्धा किलो वजनाचा एक ॲल्युमिनियमचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्यावर छापलेलं असतं : ३००० फॅरड, २.७ व्होल्ट. फॅरड हे धारकतेचं, म्हणजे कपॅसिटन्सचं एकक. एक व्होल्टला वस्तूत किती प्रभार मावतो, ती तिची धारकता, ही आपण शाळेत शिकलेली व्याख्या. आता आपली अख्खी पृथ्वी एक एकटा गोळा मानून हिशेब केला, तर तिची धारकता येते सुमारे ७०० मायक्रोफॅरड. एका फॅरडचा हजारावा भागसुद्धा नाही! आणि इथे हातात धरता येईल अशा डब्यावर ३००० लिहिलंय. हे शक्य कसं होतं ते पुढे येईलच. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. हा ३००० आकडा नेमका कशाचा?

बघा हं. या डब्यातून तुम्ही अगदी सावकाश, शंभर सेकंदांना एक फेरी अशा वेगानं दिशा बदलणारी वीज पाठवली, तर तो छापल्याप्रमाणे वागतो. तीच वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलू लागली, तर त्याच्यातला कपॅसिटर जणू झोपी जातो आणि समोर उरतो एक छोटा रोध, म्हणजे रेझिस्टन्स. वारंवारता आणखी वाढवली, की तो तारेच्या वेटोळ्यासारखा, म्हणजे इंडक्टरसारखा वागू लागतो. आणि उलट दिशेनं गेलात, तासन् तास थांबलात, तर तो अजून थोडा प्रभार गिळत राहतो. वस्तू एकच, उत्तरं चार. मग ३००० हा गुणधर्म डब्याचा, की आपण डब्याला ज्या वेगानं प्रश्न विचारला त्या प्रश्नाचा? हा आजच्या व्याख्यानाचा गाभा.

इतिहासाची सुरुवात लेडन जारपासून करू. १७४५ मध्ये पोमेरेनियात क्लाइस्ट यानं आणि १७४६ मध्ये हॉलंडमधल्या लेडन इथे मुसेनब्रुक यानं, दोघांनी स्वतंत्रपणे, काचेच्या बरणीत वीज साठवता येते हे पाहिलं. पुढे बरणीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावू लागले. पण या बरणीला एक विचित्र खोड होती. ती झटका देऊन रिकामी केली, बाजूला ठेवली, आणि थोड्या वेळानं पुन्हा हात लावला, की ती पुन्हा झटका द्यायची. लहान झटका, पण खरा. बाहेरून कोणी काही भरलं नव्हतं. रिकामी झालेली बरणी स्वतःहून भरली कशी? याला 'अवशिष्ट प्रभार' असं नाव पडलं. नाव दिलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, सुटत मात्र नाही.

१८५४ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ कोलराउश यानं या अवशिष्टाचं काळजीपूर्वक मोजमाप केलं. बरणीतला प्रभार काळानुसार कसा सरकतो याचा आलेख काढला. नेहमीचा ऱ्हास जसा होतो, म्हणजे ठराविक वेळात अर्धा, पुन्हा तितक्याच वेळात त्याचा अर्धा, तसा हा नव्हता. सुरुवातीला झपाट्यानं आणि नंतर रेंगाळत रेंगाळत. एका कालमापात तो बसेना. म्हणून कोलराउशनं नेहमीच्या सूत्रात काळाला एक घात लावला, अपूर्णांकी घात. आज आपण त्याला ताणलेला घातांकी ऱ्हास म्हणतो. आणि या वागणुकीला एक जुनं भावंड होतं. १८३५ मध्ये विल्हेल्म वेबरनं रेशमाच्या धाग्यांवर प्रयोग केले होते. धागा ताणून सोडला, की तो लगेच बराचसा मागे येतो, पण उरलेलं अंतर कापायला फार वेळ घेतो. काच आणि रेशीम. एकात वीज, दुसऱ्यात ताण. पण रेंगाळण्याची रीत एकच. १८७३ मध्ये मॅक्सवेलनं आपल्या ग्रंथात दाखवलं, की वेगवेगळ्या गुणांचे थर एकमेकांवर असले तर असा अवशिष्ट प्रभार येऊ शकतो. पुढच्याच वर्षी बोल्ट्झमननं स्थितिस्थापक पदार्थांसाठी असा सिद्धांत मांडला, की वस्तूची आजची अवस्था ही तिच्यावर आजवर झालेल्या सगळ्या ताणांची बेरीज असते. जुन्या ताणांचं वजन कमी, नव्यांचं जास्त, एवढंच. हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला त्याकडे परत यायचं आहे.

आता आपण बरणी सोडून समुद्रात उतरू. १८५० च्या दशकात अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायची तयारी चालली होती. मधे तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चाचं वेष्टन, बाहेर समुद्राचं खारं पाणी. म्हणजे झाली की नाही एक हजारो मैल लांबीची लेडन जार? विल्यम थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला, त्यानं १८५४-५५ मध्ये हिशेब केला. तारेचा प्रत्येक तुकडा थोडा रोध आणतो आणि थोडी धारकता आणतो. दोन्ही सबंध लांबीभर पसरलेले. अशा तारेत संदेश बाणासारखा धावत नाही. तापलेल्या सळईत उष्णता पसरते तसा तो पसरतो. उष्णतेचं हे गणित फूरियेनं १८२२ मध्येच लिहून ठेवलं होतं. थॉमसननं तेच समीकरण विजेला लावलं आणि निष्कर्ष काढला : तार दुप्पट लांब केली, तर उशीर चौपट होतो.

हे सगळ्यांना पटलं नाही. अटलांटिक कंपनीचा विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस याचा या नियमावर विश्वास नव्हता. १८५८ च्या ऑगस्टमध्ये केबल सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे १६ तास लागले. सिग्नल क्षीण आहे म्हणून व्हाइटहाउसनं सुमारे २००० व्होल्टचा मारा केला. आधीच दुबळी असलेली केबल काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. प्रतिमान चुकीचं निवडलं, तर काय किंमत मोजावी लागते याचं हे मोठं उदाहरण. ज्याच्या मनात केबल म्हणजे पाण्याची नळी, तो जोर वाढवतो. ज्याच्या मनात केबल म्हणजे पसरणारी उष्णता, तो सौम्य सिग्नल पाठवतो आणि नाजूक यंत्रानं वाचतो. १८६६ मध्ये टिकाऊ केबल पडली, ती या दुसऱ्या समजुतीवर. आणि १८७० मध्ये सुएझ, एडन करत समुद्री केबल आपल्या मुंबईला येऊन पोहोचली, तीही याच समजुतीवर.

तुम्ही म्हणाल, सुपरकपॅसिटर कुठे राहिला? येतोय. पण आधी ऑलिव्हर हेविसाइडला भेटू. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, तार ऑफिसात काम केलेला हा विक्षिप्त माणूस. १८८६ मध्ये त्यानं 'इंपीडन्स' हा शब्द घडवला. आपण त्याला संरोध म्हणू. कल्पना साधी पण फार खोल आहे. वस्तूचा रोध किती, असं नुसतं विचारू नका. अमुक वारंवारतेला रोध किती आणि त्या वेळी विजेची धारा दाबाच्या किती पुढे-मागे चालते, असं विचारा. आदर्श रोधात दोन्ही एका पावलावर. आदर्श कपॅसिटरमध्ये धारा पाव फेरी, म्हणजे ९० अंश पुढे. आणि थॉमसनच्या लांबलचक केबलमध्ये? बरोबर मधोमध, ४५ अंश! ती धड रोध नाही, धड कपॅसिटर नाही.

याचं गणित करताना हेविसाइडनं बिनधास्तपणे 'अर्धा विकलज' वापरला. एकदा विकलन, दोनदा विकलन हे आपल्याला माहीत असतं. अर्ध्यांदा विकलन म्हणजे काय? गणिती मंडळींना ते पटत नव्हतं. पण हा प्रश्न जुना होता. १६९५ मध्ये लायब्निट्झनं लोपितालला लिहिलेल्या पत्रात या अर्ध्या विकलजाचा उल्लेख आहे. हा आज विरोधाभास वाटतो पण यातून कधीतरी उपयोगी निष्कर्ष निघतील, अशा आशयाचं त्यानं लिहिलं होतं. तत्त्वज्ञ कधी कधी बरोबर असतात, असं म्हणायला आम्हाला संधी कमी मिळते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं!

आता रसायनशास्त्राकडे वळू. धातू किंवा कोळसा खाऱ्या द्रावात बुडवला, की त्याच्या पृष्ठभागावर एका बाजूला इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूला आयन, असे समोरासमोर उभे राहतात. हेल्महोल्ट्झनं १८५३ आणि मग १८७९ मध्ये या दुहेरी थराची कल्पना मांडली. गुई यानं १९१० मध्ये आणि चॅपमननं १९१३ मध्ये सांगितलं, की आयन असे शिस्तीत रांगेत उभे राहत नाहीत, उष्णतेमुळे थोडे विखुरलेले असतात. १९२४ मध्ये स्टर्ननं दोन्ही कल्पना जोडल्या. या थरातलं अंतर रेणूच्या आकाराएवढं, म्हणून धारकता प्रचंड. दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते २० मायक्रोफॅरड. आता सक्रिय कोळसा घ्या. त्याच्या एका ग्रॅमात छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त असतं. म्हणजे एक कोटी चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा. एका ग्रॅमला शंभर फॅरड! पृथ्वीला न जमलेलं चिमूटभर कोळशाला जमतं, ते असं.

पण आयनांना चालत जावं लागतं, हे विसरू नका. १८९९ मध्ये एमिल वारबुर्ग यानं आयन विसरणाने, म्हणजे डिफ्यूजनने इलेक्ट्रोडपर्यंत येतात तेव्हा संरोध किती पडतो हे काढलं. उत्तर काय आलं असेल? वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आणि कोन ४५ अंशांचा. समुद्रातली केबल आणि बशीतलं द्रावण, दोन्हींचं गणित एकच निघालं.

यानंतरचा धागा जीवशास्त्रातला. १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिक यानं रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पटलाची धारकता मोजली आणि त्यावरून पटलाची जाडी काही नॅनोमीटर असल्याचा अंदाज बांधला. सूक्ष्मदर्शकातून जे दिसत नव्हतं ते विजेच्या उत्तरातून कळलं. १९२० आणि ३० च्या दशकांत केनेथ कोलसारख्या संशोधकांना मात्र एक गोष्ट खटकत राहिली. पेशी आणि ऊती आदर्श कपॅसिटरसारख्या वागत नाहीत. कोन ९० नाही, ४५ ही नाही, मधलाच कुठलातरी, आणि वारंवारता बदलली तरी तो कोन मात्र तसाच राहतो. पुढे १९४१ मध्ये केनेथ आणि त्याचा भाऊ रॉबर्ट यांनी विद्युतरोधक पदार्थांसाठी त्यांचं प्रसिद्ध सूत्र दिलं. या 'अचल कोनाच्या घटकाला' आज सगळे वापरतात. त्यात एक अपूर्णांकी घात असतो. घात एक असेल तर शुद्ध कपॅसिटर, शून्य असेल तर शुद्ध रोध, अर्धा असेल तर वारबुर्ग. लक्षात आलं ना? कोलराउशच्या बरणीतला अपूर्णांक इथे पुन्हा दारात उभा राहिला.

आता आपली वस्तू जन्माला येते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या हॉवर्ड बेकरनं १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ मध्ये ते मंजूर झालं. सच्छिद्र कोळशाचे इलेक्ट्रोड, मधे द्राव, आणि फार मोठी धारकता. गंमत म्हणजे, आत नक्की काय घडतं ते आपल्याला निश्चित ठाऊक नाही, असं पेटंटातच प्रांजळपणे नोंदवलेलं आहे. वस्तू आधी, समजूत मागून. साठच्या दशकात ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत रॉबर्ट राइटमायर यानं या कल्पनेला पुढे नेलं. त्याचं पेटंट १९६६ चं. त्या कंपनीकडून हे तंत्रज्ञान जपानच्या एनईसीकडे गेलं आणि सत्तरच्या दशकात 'सुपरकपॅसिटर' या नावानं बाजारात आलं. वीज गेली तरी संगणकाची स्मृती टिकावी, हे त्याचं पहिलं मोठं काम. तिथे वेगाचा प्रश्न नव्हता. चिमूटभर वीज तासन् तास द्यायची. त्यामुळे 'एक आकडा' पुरत होता.

पण त्याच सुमारास, १९६३ मध्ये, रॉबर्ट द लेव्ही या डच रसायनशास्त्रज्ञानं सच्छिद्र इलेक्ट्रोडवर एक निबंध लिहिला. त्यानं एक छिद्र घेतलं. सरळ, लांब, नळीसारखं, द्रावानं भरलेलं. छिद्रात आत आत जाताना द्रावाचा रोध थोडा थोडा वाढत जातो आणि भिंतीवर धारकता थोडी थोडी मिळत जाते. दोन्ही लांबीभर पसरलेले. ओळखीचं वाटतंय? ही थॉमसनची अटलांटिक केबलच! फरक इतकाच, की ती हजारो मैल लांब होती आणि हिची लांबी केसाच्या जाडीहूनही कमी असू शकते. समीकरण तेच, आणि ४५ अंशही तेच.

द लेव्हीच्या चित्रातून आपल्या डब्याचं सगळं वागणं उलगडतं. वारंवारता जास्त असते तेव्हा विजेची लाट छिद्राच्या तोंडाशीच घुटमळते आणि परत फिरते. आतल्या भिंतींना तिचा पत्ताच लागत नाही. वारंवारता चौपट केली, की लाट निम्म्याच खोलीपर्यंत पोहोचते. वारंवारता कमी केली, की ती थेट तळापर्यंत जाते, सगळी भिंत कामाला लागते आणि कोन ४५ वरून ९० कडे चढतो. तेव्हा छिद्रातल्या द्रावाच्या एकूण रोधाचा फक्त एक-तृतीयांश भाग बाहेर जाणवतो. म्हणजे 'धारकता किती' या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे : तुम्ही आत किती खोल जाण्याइतका वेळ दिलात, तितकी.

१९९० च्या दशकात परिस्थिती बदलली. ओटावा विद्यापीठातल्या ब्रायन कॉनवे यांनी बॅटरी आणि सुपरकपॅसिटर यांच्यातला भेद रसायनाच्या अंगानं नीट मांडला. त्यांचा मोठा ग्रंथ १९९९ चा. दरम्यान वाहनांमध्ये, ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा सेकंदात पकडून सेकंदात परत द्यायची, अशा कामांसाठी हे डबे येऊ लागले. आपल्याकडेही या क्षेत्रात काम झालं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या सुपरकपॅसिटरवर दीर्घकाळ संशोधन चाललेलं आहे. या नव्या कामांत मात्र सेकंद महत्त्वाचा झाला. आपल्या ३००० फॅरडच्या डब्याचा अंतर्गत रोध साधारण ०.३ मिलिओहम असतो. दोन्हींचा गुणाकार येतो सुमारे १ सेकंद. हा त्याचा श्वास. त्यापेक्षा फार घाईनं काही मागितलं, तर तो कपॅसिटर म्हणून उत्तर देत नाही. आता अभियंत्यांना एक आकडा पुरेना. प्रतिमान हवं होतं.

२००० मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या झुबिएटा आणि बोनर्ट यांनी एक व्यवहारी प्रतिमान दिलं. तीन फांद्या. पहिली सेकंदांत भरते, दुसरी मिनिटांत, तिसरी दहा मिनिटांहून जास्त काळानं. शिवाय गळतीसाठी एक रोध. पहिल्या फांदीची धारकता व्होल्टेजप्रमाणे थोडी वाढते, हेही त्यांनी धरलं. अर्ध्या तासापर्यंतचं वागणं त्यातून ठीक सांगता येतं. दुसरा मार्ग जर्मनीतल्या आखेनमधून आला. बुलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या वारंवारतांना संरोध मोजला आणि द लेव्हीच्या छिद्राचं सूत्रच वापरलं. फक्त चार आकडे : एक प्रवर्तकता, एक रोध, एक धारकता आणि एक कालमाप. संगणकात चालवण्यासाठी त्या छिद्राचे रोध-कपॅसिटरच्या जोड्यांत तुकडे केले. जोड्या जितक्या जास्त, तितकं वर्णन वेगवान घटनांना लागू. आणि तिसरा मार्ग अपूर्णांकी घातांचा. स्वीडनच्या वेस्टरलुंडनं १९९१ च्या एका निबंधाला जे शीर्षक दिलं, त्याचा अर्थ होतो : 'जड पदार्थाला स्मृती असते!' उद्गारचिन्हासकट.

आता आमच्या अंगणात या. तीन प्रतिमानं. मोजलेल्या आलेखावर तिन्ही बऱ्यापैकी बसतात. मग डब्यात खरोखर काय आहे? तीन फांद्या? वीस जोड्या? की एक अपूर्णांक? डबा कापून पाहिलात तर यातलं काहीच सापडणार नाही. सापडेल कोळसा, कागद आणि द्राव. पिएर द्युएम यानं १९०६ मध्ये सांगितलेला मुद्दा हाच : पुरावा एकच असला तरी त्यात बसणारे सिद्धांत अनेक असू शकतात. विजेच्या जाळ्यांच्या बाबतीत तर हे गणितानं सिद्ध आहे. फॉस्टर आणि काउअर यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, की बाहेरून अगदी तंतोतंत सारखी वागणारी, पण आतून वेगळ्याच रीतीनं जोडलेली जाळी बांधता येतात. बाहेरच्या दोन टोकांवरून आतली रचना एकमेव ठरत नाही.

म्हणून 'दुसरी फांदी म्हणजे मधल्या आकाराची छिद्रं' असं कोणी सहज म्हणू लागलं, की आपण थांबून विचारावं : हे मोजलंय, की चित्रावरून वाटतंय? अचल कोनाच्या घटकाचीही हीच गत. त्याच्या गुणकाचं एकक फॅरड नसतंच, फॅरडमध्ये सेकंदाचा अपूर्णांकी घात मिसळलेला असतो. तरी पुष्कळदा तो सरळ फॅरड म्हणून छापला जातो. एककच चुकलं, तर दोन डब्यांची तुलना कशाच्या आधारे करणार?

पण म्हणून सगळंच मनमानी, असंही नाही बरं का. मोजमापावर काही अटी असतात. क्रोनिगनं १९२६ मध्ये आणि क्रामर्सनं १९२७ मध्ये दाखवलेल्या संबंधांमागे तत्त्व एकच आहे : परिणाम कारणाच्या आधी येऊ शकत नाही. या एका तत्त्वामुळे संरोधाचे दोन भाग एकमेकांना बांधलेले असतात. मोजलेले आकडे ही अट मोडत असतील, तर मोजताना वस्तू बदलत होती, किंवा आपण तिला फार जोरात ढकललं. म्हणूनच हे मोजमाप काही मिलिव्होल्टच्या हलक्या स्पर्शानं करतात. कार्यकारणभाव हा फक्त तत्त्वज्ञांचा चर्चाविषय नाही, तो प्रयोगशाळेतला पहारेकरी आहे.

मग ३००० चं काय? पर्सी ब्रिजमननं १९२७ मध्ये म्हटलं, की संकल्पनेचा अर्थ ती मोजण्याच्या कृतीत असतो. सुपरकपॅसिटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानं नेमकं हेच केलंय. ठराविक वेळ भरून ठेवा, मग स्थिर धारेनं रिकामा करा, आणि व्होल्टेज ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजा. तो आकडा डब्यावर छापा. म्हणजे छापलेला आकडा खोटा नाही. तो एका ठरवून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. चूक होते ती प्रश्न विसरून उत्तर पाठ केलं तर.

आणि ही चूक महागात पडते. एक उदाहरण पुरे. सुपरकपॅसिटर झटपट भरला, तारा काढल्या आणि ठेवून दिला. व्होल्टेज हळूहळू उतरू लागतं. ज्याच्या मनात एक कपॅसिटर आणि एक गळका रोध एवढंच चित्र आहे, तो म्हणणार, 'हा गळतोय, फेकून द्या.' पण पुष्कळदा तो गळत नसतो. छिद्रांच्या तोंडाशी जमलेला प्रभार आतल्या खोल भागाकडे वाटला जात असतो. पडताळा सोपा आहे. जास्त वेळ त्याच व्होल्टेजला भरून ठेवा आणि मग तारा काढा. उतार कमी झाला, तर ते वाटप होतं, गळती नव्हती. उलट बाजूही आहे. क्षणभर जोडून 'रिकामा' केलेला डबा थोड्या वेळानं पुन्हा व्होल्टेज दाखवतो. असे अनेक डबे एकापुढे एक जोडलेले असले, तर ते परत आलेलं व्होल्टेज माणसाला इजा करू शकतं. म्हणून अशा जोडण्या ठेवताना टोकं तारेनं जोडूनच ठेवतात. लेडनच्या बरणीचा तो दुसरा झटका अजून गेलेला नाही मंडळी.

शेवटी स्मृतीविषयी. वैशेषिक दर्शनात 'संस्कार' नावाचा एक गुण आहे. प्रशस्तपादांनी त्याचे तीन प्रकार सांगितले : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना, म्हणजे ज्यातून स्मरण होतं ती, फक्त आत्म्याची. वाकवलेली फांदी परत सरळ होते, तो स्थितिस्थापक, जड द्रव्याचा. दोन्ही एकाच शीर्षकाखाली, पण मधे स्पष्ट रेघ. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना सुपरकपॅसिटर ठाऊक होता असा मुळीच नाही. कृपया तसा निरोप पुढे पाठवू नका! पण ती रेघ आपल्याला विचार करायला उपयोगी आहे. डब्याला आठवत काहीच नाही. पण त्याच्यावर जे झालं ते त्याच्या आत कुठेतरी, वेगवेगळ्या खोलीवर, अजून पूर्ण न झालेल्या हालचालीच्या रूपात शिल्लक असतं. बोल्ट्झमननं सांगितलेली बेरीज तीच.

म्हणून दोन सुपरकपॅसिटर शेजारी ठेवा. दोन्हींवर व्होल्टमीटर बरोबर २ व्होल्ट दाखवतो. एक आत्ताच घाईत भरलाय, दुसरा कालपासून त्याच व्होल्टेजला निवांत आहे. वर्तमान अगदी सारखं. पण पुढच्या तासात दोघं वेगळे वागतील. या क्षणाचा एक आकडा कळला म्हणजे वस्तू कळली, हा भ्रम इथे मोडतो. चांगलं प्रतिमान म्हणजे वस्तूचा फोटो नव्हे. कुठल्या वेगानं विचारलेल्या प्रश्नाला, किती काळापर्यंत, कितपत खरं उत्तर मिळेल, हे स्वतःच कबूल करणारं वर्णन म्हणजे चांगलं प्रतिमान. थॉमसनपासून आखेनपर्यंतच्या माणसांनी हळूहळू हे कबूल करायला शिकून घेतलं. आपणही, डब्यावरचा आकडा असो की माणसाबद्दलचा एखादा गुण असो, तो वाचताना आधी एवढं विचारू : हे उत्तर खरं, पण प्रश्न काय होता?

आज इथेच थांबू. तुमचे प्रश्न जरूर लिहा.